सभासदाने काय मागावे, संस्थेने काय झाकावे?



गव्हाणीत मोळी पडली, पहिले पोते बाहेर आले, की आमच्या पुंडलिकनगरच्या घरी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. छत्रपती संभाजीनगरात मुलाची नोकरी, म्हणून माझा मुक्काम इथे. शेती गावाकडे धाकटा भाऊ पाहतो. शेअर मात्र अजून माझ्याच नावावर आहे. सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी उभी हयात गेली, ही गोष्ट नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे ज्याला शहरात कचेरीचे काम आहे तो येताना पिशवीत कागद घेऊनच येतो. कुणाला तोड मिळत नाही, कुणाला बिलातली कपात उमगत नाही, कुणाला तारखेला हजर राहायचे असते. चहा होतो, माझा चष्मा शोधला जातो आणि कागद सतरंजीवर पसरतात.

गेल्या हंगामात असाच एक भाचा आला. त्याचा कारखाना दुसरा, आपला नव्हे. नाव सांगून काही साधायचे नाही. त्याने कारखान्याकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला होता. जोडपत्र 'अ' भरलेले, वर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, खाली सही. आणि उत्तर आले होते एका ओळीचे : सदर संस्था सार्वजनिक प्राधिकरण नसल्याने माहिती देता येत नाही.

"मामा, कारखाना आपला, शेअर आपला, ऊस आपला. मग माहिती आपली कशी नाही? दहा रुपयांचं तिकीट पाण्यात गेलं म्हणायचं."

मी अर्ज वाचला. त्यात दहा मागण्या होत्या. एकच अर्ज, पण विषय दहा ठिकाणचे. त्या रात्री आम्ही दोघांनी त्या दहांची वर्गवारी केली. पाच मागण्या अशा निघाल्या, की त्या सभासद म्हणून त्याच्या हक्काच्याच होत्या. त्यासाठी माहिती अधिकाराची गरजच नव्हती. दोन मागण्या कारखान्याकडे नव्हे तर सरकारी कचेरीकडे करायला हव्या होत्या. दोन मागण्या अशा, की मी कारखान्यात साहेब असतो तर मीही दिल्या नसत्या. आणि एक अशी, की तिच्यावरून मामा-भाच्यांचा रात्री बारापर्यंत वाद झाला. हे सगळे आपल्याही उपयोगाचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कारखान्याचे उत्तर कायद्याने बरोबर होते का?

होय, बरोबर होते. उद्धट होते ही गोष्ट वेगळी.

माहितीचा अधिकार आपल्याला फुकट मिळालेला नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यापासून सरकारी कागद म्हणजे सरकारचीच मालकी, अशी रीत होती. ती मोडायला राजस्थानातल्या मजूर-किसानांनी धरणी धरली, आपल्याकडे राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी उपोषणे केली. महाराष्ट्राने २००२ चा कायदा केला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. हा कायदा सरकारी कचेऱ्यांना, तसेच सरकारच्या मालकीच्या, नियंत्रणातल्या किंवा सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणाऱ्या संस्थांना लागू आहे. सहकारी संस्था त्यात बसते का, हा प्रश्न पुढे उभा राहिला.

केरळच्या सहकारी संस्था निबंधकांनी २००६ साली परिपत्रक काढून सर्व सहकारी संस्थांना हा कायदा लागू असल्याचे जाहीर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि थलप्पलम सर्व्हिस को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दाव्यात ७ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणाले, निबंधकाची देखरेख असणे म्हणजे सरकारचे नियंत्रण नव्हे. सहकारी संस्था सभासदांची आहे. सरकारी पैशाचा भरीव आधार असल्याचे सिद्ध झाले तरच ती या कायद्याखाली येईल.

इथपर्यंतच वाचून पुष्कळ संस्थांनी हुश्श केले. पण त्याच निकालात पुढे आहे, की निबंधक हे मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहेत, आणि कायद्याने जी माहिती निबंधक संस्थेकडून मागवू शकतात ती नागरिकाला त्यांच्यामार्फत मिळू शकते. माहिती अधिकार कायद्यातल्या माहितीच्या व्याख्येतही ही सोय आहे. म्हणजे पुढचा दरवाजा बंद झाला तरी बाजूचा उघडा राहिला. भाच्याला पाठवलेल्या एका ओळीत हे कुणी लिहिले नव्हते. लिहायला ती आणखी एक ओळ लागली असती.

जुन्या कायद्यातला एक शब्द

आता त्या पाच मागण्या. स्वतःच्या उसाची वजने आणि बिलातल्या कपाती, ताळेबंद, मागच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त, तोडणी-वाहतुकीचे दर ज्या संचालक मंडळाच्या बैठकीत ठरले तिचे इतिवृत्त, आणि सभासद नोंदवही.

यासाठी २००५ चा कायदा कशाला हवा? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे. त्याचे कलम ३२ आपल्यापैकी किती जणांनी वाचले असेल? संस्थेच्या कचेरीत, कामाच्या वेळेत, एक पैसाही न देता सभासदाला पुढील गोष्टी पाहता येतात : कायदा, नियम व पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, समितीच्या बैठकांचीही इतिवृत्ते, आणि संस्थेच्या दप्तरातला तेवढा भाग ज्यात त्या सभासदाचे स्वतःचे व्यवहार नोंदलेले आहेत. लेखी मागणी करून ठरलेली फी भरली, की एक महिन्याच्या आत नक्कल द्यावी लागते.

संचालक मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्तसुद्धा! हे ऐकून भाचा उठूनच बसला. "आमच्याकडं तर ते वरच्या मजल्यावरच्या कपाटात असतं, मामा. किल्ली कुणाकडं ते कुणाला माहीत नाही." किल्ली कुणाकडेही असो, कायद्याने ते कपाट सभासदासाठी उघडे आहे.

पण मला त्या कलमातला खरा मोलाचा वाटतो तो 'स्वतःचे' हा शब्द. सगळ्या संस्थेचा कारभार उघडा, तुझे खाते तुला उघडे, शेजाऱ्याचे खाते तुला बंद. उघड आणि गुप्त यांची वाटणी कशी करायची यावर पुढे मोठमोठे निकाल झाले, पाने भरली. पण १९६० साली हा कायदा करणाऱ्यांनी एका शब्दात बांध घातलेला आहे. आणि बांध कुठे घालावा हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. घराच्या अब्रूपुरते ते ठीक आहे. माझ्या घरात कर्ज किती, लेकीच्या लग्नाला पैसे कुठून आणले, हे चव्हाट्यावर येऊ नये असे मलाही वाटते. पण कारखान्याची मूठ हजारो सभासदांच्या बोटांची. ती झाकून ठेवली तर आत किती आहे ते मोजायचे कुणी?

वार्षिक सभेबद्दलही याच ठिकाणी लिहून टाकतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्यापासून सहा महिन्यांच्या आत सभा घ्यावी लागते. अहवाल हातात पडतो, पहिल्या पानावरचे फोटो पाहिले जातात, आणि सभेत विषय वाचून व्हायच्या आधीच मांडवाच्या मागच्या बाजूने 'मंजूर, मंजूर' सुरू होते. ज्याला प्रश्न विचारायचा आहे त्याने तो आधी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. माईक हातात यायची वाट पाहिली, की जेवणाच्या पंगती बसलेल्या असतात.

बाजूचा दरवाजा

दोन मागण्या सरकारी कचेरीच्या होत्या. हंगामाचा साखर उतारा काय लागला हे त्याला पाहायचे होते, आणि लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांची दुरुस्ती झाली का, हेही.

उताऱ्यावर आपला सगळा जीव आहे. एफआरपी ठरते ती उताऱ्यावर, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात पडते ते आपले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. तेव्हा उतारा ही काही कारखान्याची खासगी बाब नव्हे. हंगाम संपला की गाळप, उत्पादन, उतारा यांचा आर. टी. ८ (सी) हा नमुना कारखाना वर पाठवत असतो. साखर आयुक्तांची कचेरी पुण्याला साखर संकुलात आहे, आणि आपल्या भागासाठी प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांची कचेरी इथे संभाजीनगरातच आहे. लेखापरीक्षण अहवाल आणि दोषदुरुस्तीचा अहवालही निबंधकाच्या अखत्यारीत येतो. अर्ज तिकडे करायचा.

मात्र अर्ज नीट हवा. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली बदल झाला. अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत असावा असे ठरले. भाच्याच्या दहा मागण्यांचे पुराण तिथेच अडकले असते. दहा रुपयांचे तिकीट, नक्कल हवी तर पानाला दोन रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती कारखान्याने गोपनीय म्हणून दिलेली असेल तर सहसंचालकांची कचेरी कारखान्याला नोटीस काढते, त्याचे म्हणणे ऐकते, आणि मग मुदत ४० दिवसांपर्यंत जाते. कारखाना 'नको' म्हणाला म्हणजे संपले, असे मात्र नाही. म्हणणे ऐकायचे, निर्णय अधिकाऱ्याचा. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत त्याच कचेरीत पहिले अपील आणि त्यापुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाचे खंडपीठ आपल्या शहरात आहे, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. तारीख लवकर लागेल अशी आशा मात्र धरू नये.

आणखी एक सोय फारशी कुणी वापरत नाही. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या सरकारी कचेऱ्यांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागद पाहता येतात. अर्जाआधी कागद डोळ्यांनी पाहिला, तर काय मागायचे ते नेमके कळते. अर्धे अर्ज फुकट जातात ते नेमके न मागितल्यामुळे.

झाकायचे ते कोणते?

आता त्या दोन मागण्या, ज्या मीही नाकारल्या असत्या.

पहिली अशी : शेजारच्या गटातल्या अमक्याने कारखान्याकडून किती उचल घेतली आणि त्याचा बँक खाते क्रमांक काय. दोघांचा बांधावरून वाद, हे मला माहीत होते. मी विचारले, "ही माहिती घेऊन तू करणार काय?" भाचा गप्प बसला. कायदा म्हणतो अर्जदाराने कारण सांगायची गरज नाही, पण मामाला सांगावे लागते! केरळच्या त्या खटल्यातही एक अर्ज असाच होता. काही सभासदांच्या खात्यांचा तपशील मागितलेला. न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की ज्या खासगी माहितीचा सार्वजनिक हिताशी संबंध नाही ती द्यायला निबंधकही बांधलेले नाहीत.

दुसरी मागणी साखर विक्रीच्या चालू निविदांचे दर. महिन्याचा कोटा मिळाला, की कारखाना निविदा मागवतो. पाकिटे उघडायच्या आधी एका व्यापाऱ्याचा दर दुसऱ्याला कळला, तर क्विंटलमागे पाच-दहा रुपये पडेल किंमत येते, नुकसान कुणाचे? आपलेच. हे व्यापारी गुपित झाकणे सभासदाच्या फायद्याचे आहे, आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये त्याला सोय आहे. पण पाकिटे उघडली, साखर गेली, पैसे आले, की त्यात गुपित उरले कुठे? कोणत्या तारखेला कुणाला किती दराने किती पोती दिली, हे हिशेबात आलेच पाहिजे. एका आठवड्यापुरते जे झाकायचे ते कायमचे झाकून ठेवायची सवय आपल्या संस्थांना आहे. लेखापरीक्षणात मी हे इतक्या वेळा पाहिले, की 'गोपनीय' असा शिक्का दिसला की मी आधी त्यावरची तारीख पाहायचो.

बँकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी जयंतीलाल मिस्त्री यांच्या प्रकरणात असेच झाकण उघडले होते. सुरुवात गुजरातमधल्या एका सहकारी बँकेच्या तपासणी अहवालावरून झाली. रिझर्व्ह बँक म्हणे, बँकांनी हे आम्हाला विश्वासाने दिले आहे, दाखवता येत नाही. न्यायालय म्हणाले, तुमचे कर्तव्य बँकांची झाकपाक करण्याचे नाही, लोकांचे हित पाहण्याचे आहे. कारखान्याची कर्जे ज्या बँकांतून येतात त्यांच्या ठेवीदारांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सातबारा आणि उसाची नोंद

राहिली दहावी मागणी. ती होती ऊस नोंदीच्या रजिस्टराची. त्यांच्या गटात कुणाची लागवड कोणत्या तारखेची, आणि तोड कोणत्या तारखेला गेली.

बंधूंनो, यातले दुखणे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड द्यायची असा नियम. पण टोळी कधी मागे वळते, चिटबॉय कधी दिसतच नाही, आणि ज्याची लागवड महिनाभर उशिरा त्याचा फड आधी मोकळा होतो. आपला ऊस उभ्याने वाळतो, तुरा येतो, वजन घटते. मग मुकादमाला खुशाली द्या, ड्रायव्हरला एन्ट्री द्या. भाच्याचे म्हणणे, यादी उघडी असती तर कुणाची हिंमत झाली नसती.

मी आधी त्याच्या विरुद्ध बोललो. कलम ३२ नुसार त्याला त्याची स्वतःची नोंद पाहता येते, दुसऱ्याची नव्हे. आणि माणसाच्या नावागावासह त्याचे क्षेत्र, त्याचे पीक, म्हणजे त्याची कमाईच बाहेर पडते. भाचा म्हणाला, "मामा, सातबारा कुणाचाही कुणालाही दिसतो. त्यावर इतर हक्कांत बँकेचा बोजासुद्धा असतो. तेव्हा कुणाची अब्रू गेली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरेच आहे. सातबाऱ्यावर बोजा उघडा ठेवला आहे, कारण तो झाकला तर जमीन घेणारा तिसरा माणूस बुडेल. खासगी गोष्ट आहे, तरी उघडी, कारण तिच्यावर दुसऱ्याचे नशीब टांगलेले आहे. तोडीचा क्रम तसाच. माझ्या आधी कुणाची तोड गेली यावर माझ्या टनाचा हिशेब आहे. तेव्हा आमचे शेवटी जमले ते असे : नाव, गाव, लागवडीची तारीख, उसाची जात आणि तोडीची तारीख एवढे गट कार्यालयाच्या फळ्यावर लावावे. उचल किती, सोसायटीचे कर्ज किती, खाते क्रमांक, मोबाईल क्रमांक यातले काही नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्येही हीच युक्ती आहे. एका कागदात देण्यासारखे आणि न देण्यासारखे दोन्ही असेल तर न देण्यासारखे झाकून बाकीचे द्यायचे. अख्खा कागद कपाटात टाकायचा नाही.

संचालक असो की साधा सभासद, फळ्यावर दोघांची तारीख एकाच ओळीत. हे सांगताना आमच्या कारखान्याच्या कारभाऱ्यांनाही ऐकू जावे अशी माझी इच्छा आहे.

२०२५ चा बदल

सरकारी कचेरीत खासगी माहिती मागणे आता अवघड झाले आहे, तेही सांगितले पाहिजे.

पूर्वी कलम ८(१)(ञ) असे होते, की खासगी माहिती द्यायची नाही, पण ती सार्वजनिक कामाशी निगडित असेल किंवा व्यापक हित असेल तर द्यायची. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारायची नाही, असे एक सुंदर वाक्य त्यात होते. या कलमाचा अर्थ आधीच आक्रसत चालला होता. अकोल्याच्या एका अधिकाऱ्याबद्दल गिरीश देशपांडे यांनी अर्ज केला होता. त्याला मिळालेले मेमो, त्याची मालमत्ता, इतकेच काय मुलाच्या लग्नात आलेल्या भेटीसुद्धा विचारल्या होत्या. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती खासगी ठरवली. लग्नातल्या आहेराची यादी चव्हाट्यावर मागणे मलाही जरा जास्त वाटते. पण मेमो खासगी कसा? तो पगाराच्या नोकरीत मिळतो, आणि पगार लोकांच्या पैशातून होतो. हे माझे मत.

पुढे वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याने हे कलमच बदलले. आता तिथे एवढेच उरले आहे, की वैयक्तिक माहिती देण्याचे बंधन नाही. जर-तर गेले, विधिमंडळाचे वाक्यही गेले. २०२० च्या फेब्रुवारीत महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या याद्या गावोगाव लागल्या तेव्हा कुणाचे नाव आले, कुणाचे राहिले, हे लोकांनी नावे वाचूनच पाहिले. अशी यादी उद्या कुणी मागितली आणि 'ही नावे वैयक्तिक आहेत' असे उत्तर आले, तर?

तरी एक खुंटी शिल्लक आहे. कलम ८(२) जागेवर आहे : झाकल्याने जपले जाणारे हित आणि उघडल्याने साधणारे जनहित यांत जनहित वजनदार असेल तर माहिती देता येते. म्हणून यापुढे अर्जात नावे मागायची असतील तर त्यात कोणते जनहित आहे ते दोन ओळींत लिहावे. कायद्यात कारण सांगायची सक्ती नाही हे मी वर म्हटलेच आहे. पण न सांगितले तर पारड्यात आपल्या बाजूला काहीच पडत नाही. सहकार कायद्याच्या कलम ३२ ला मात्र या दुरुस्तीने हात लावलेला नाही. सभासदाचा तो जुना हक्क आहे तसा आहे.

मागणाऱ्याचे नाव

गुप्ततेबद्दल आपण बोलतो ते नेहमी संस्थेच्या आणि साहेबाच्या बाजूने. मागणाऱ्याचे काय? काही वर्षांमागे मी स्वतः एका कचेरीत अर्ज दिला होता, गावच्या रस्त्याच्या कामाबद्दल. कचेरीचे नाव घेत नाही. सकाळी अर्ज दिला आणि संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस पुंडलिकनगरच्या घरी चहाला हजर. बोलणे गोड होते. "काका, तुम्ही आम्हालाच विचारायचं की." पण बायको रात्रभर झोपली नाही.

तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांची माहिती काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला. तेव्हा हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले, की अर्जावर घराचा पत्ताच हवा असे नाही, टपाल पेटीचा क्रमांक पुरेसा आहे. खेड्यात टपाल पेटी कुठली, हा प्रश्न आहेच. पण निदान तीन-चार सभासदांनी एकाच विषयावर वेगवेगळे अर्ज दिले तर एकट्याच्या नावावर बोट राहत नाही. संस्थेतल्या लिपिकानेही अर्जदाराचे नाव चहाच्या टपरीवर नेऊ नये. खरी गोपनीयता पाळायची ती इथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने तीन वेगळे कागद लिहिले. कार्यकारी संचालकांना कलम ३२ खाली एक, सहसंचालकांच्या कचेरीत जोडपत्र 'अ' मध्ये दुसरा, आणि तोडीची यादी फळ्यावर लावावी म्हणून चेअरमनसाहेबांना साधा विनंती अर्ज तिसरा. शेजाऱ्याच्या उचलीचा विषय त्याने स्वतःच खोडला. साडेदहाच्या एसटीने तो गेला.

महिन्याच्या आत त्याला त्याच्या खात्याची नक्कल मिळाली. जिच्यावरून सगळे सुरू झाले ती कपात ठिबकच्या हप्त्याची निघाली. संमतीपत्रावर सही त्याचीच होती. फोनवर सांगताना तो जरा ओशाळला होता. तोडणी-वाहतुकीचे दर ठरवलेल्या बैठकीचे इतिवृत्तही मिळाले, आणि त्यातला अंतराचा आकडा त्याच्या बिलाशी जुळत नाही. त्यावर त्याने आता दुसरा अर्ज दिला आहे. आर. टी. ८ (सी) ची नक्कल चार रुपयांत आली.

तिसऱ्या कागदाला उत्तर नाही. गट कार्यालयाच्या फळ्यावर अजून मागल्या वर्षीच्या बेणे वाटपाचीच सूचना आहे, असे परवा म्हणत होता.